सालगादोंचं ‘आमाझोनिया’: रंग वजा केलेलं जंगल

मांडीवर घेऊन चाळायचं हे पुस्तक नव्हे. ५२८ पानं, साधारण २६ बाय ३६ सेंटिमीटर आकार आणि चार किलोंवर वजन. त्याला टेबल लागतं, दोन्ही पानं सपाट पडतील एवढी मोकळी जागा लागते आणि खिडकीशेजारचा दिवसाचा उजेड लागतो. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाओ सालगादो यांनी मुख्यतः २०१३ ते २०१९ या काळात ॲमेझॉनच्या जंगलात पुन्हापुन्हा जाऊन केलेलं हे काम ताशेन या प्रकाशनाने २०२१ मध्ये छापलं. मांडणी त्यांच्या पत्नी लेलिया वानिक सालगादो यांची आहे. मे २०२५ मध्ये सालगादो गेले. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते १९९५ मधल्या चर्चगेट स्टेशनच्या फोटोमुळे: गाड्या स्थिर उभ्या आणि त्यांच्या मधून गर्दी पाण्यासारखी वाहते आहे, तो फोटो. तोच डोळा इथे नद्यांकडे आणि ढगांकडे वळलेला दिसतो.

मत आधीच सांगून टाकावं. आकाश, पाणी, डोंगर आणि माणसांचे चेहरे यांसाठी या तोडीचं दुसरं पुस्तक मिळणं अवघड आहे. पण जंगलातल्या लोकांना जे कळतं, ते समजून घ्यायला घेणार असाल, तर हे एकटं पुरत नाही. त्याचं सगळ्यात मोठं कारण आहे रंग.

पण आधी जे उत्तम आहे ते बघू. हवाई दृश्यांपैकी बरीचशी लष्कराच्या विमानांतून आणि हेलिकॉप्टरांतून घेतलेली आहेत, कारण इतक्या आतल्या भागात जायला दुसरी सोय फारशी नाही. दमट हवेतून खाली बघताना निळा उजेड विखुरतो आणि रंगीत फोटोवर दुधाची साय धरल्यासारखं होतं. कृष्णधवल करताना निळा चॅनल (फोटोतला निळ्या उजेडाचा हिस्सा) दाबला आणि तांबडा उचलला की ती साय उतरते, ढगांच्या कडा लखलखीत उभ्या राहतात आणि पावसाचा पडदा नेमका कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते दिसतं. ‘उडत्या नद्या’ हा शब्द ब्राझीलमध्ये रूढ आहे. एक मोठं झाड दिवसाला हजार लिटरपर्यंत पाणी हवेत सोडू शकतं, असं तिथले शास्त्रज्ञ अंतोनियो नोब्रे मांडतात. जंगलावरून सरकणारी ती वाफ डोळ्यांना दिसावी असं काम या पुस्तकातल्या ढगांच्या फोटोंनी केलं आहे, आणि ते रंगात झालं नसतं.

रिओ निग्रो नदीवरची आनाविल्यानास आणि मारिउआ ही बेटं तशीच. या नदीचं पाणी कुजलेल्या पाल्यामुळे कोऱ्या चहासारखं गडद असतं. गाळ जवळजवळ नसतो, त्यामुळे पाणी काळ्या आरशासारखं वागतं आणि आभाळ जसंच्या तसं परत देतं. छपाई तपासायची असेल तर हीच पानं उघडा. बेटांच्या सावल्यांत झाडांचे शेंडे वेगळे ओळखू येतात का? पिवळ्या बल्बखाली ते सगळे एक होतात आणि दोष छपाईचा वाटतो. सकाळच्या उजेडात तेच पान पुन्हा पाहा. मग ब्राझीलचं सर्वांत उंच शिखर, २,९९५ मीटरचं पिको दा नेब्लिना, ज्याला तिथले आदिवासी यानोमामी लोक ‘यारिपो’ म्हणतात. त्या परिसरातले डोंगर पाहिले की ॲमेझॉन म्हणजे सपाट हिरवी चादर ही डोक्यातली समजूत पुसली जाते.

दोन पानांवर पसरलेल्या फोटोंत मधली घडी आडवी येते. एवढ्या जाड पुस्तकात पहिल्या आणि शेवटच्या शंभरेक पानांना हा त्रास जास्त असतो, कारण एका बाजूचा गठ्ठा पातळ असतो आणि पान उताराला लागतं. हलक्या बाजूच्या पुठ्ठ्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. दोन्ही बाजू एका पातळीवर आल्या की घडीत गेलेला भाग बराचसा बाहेर येतो. तळहाताने दाबून पान सपाट करू नका. शिवण तिथेच सुटते.

आता रंग. आशानिन्का समाजातली एक तरुणी आरशात पाहून चेहरा रंगवते आहे, असा २०१६ मधला एक फोटो यात आहे. नजर आरशावर खिळलेली, बोटं गालाजवळ थबकलेली. फोटो म्हणून अप्रतिम. पण गालावर काय लावलंय, हे काळ्या-पांढऱ्यात कसं कळणार? ॲमेझॉनमध्ये अंगावर काढायचे रंग मुख्यतः दोन. एक उरुकुम. म्हणजे कोकणात परसात दिसते ती शेंदरी, जिच्या बियांचा रंग ‘अनॅटो’ या नावाने बटरमध्ये घातला जातो. बिया चोळून तेलात कालवल्या की लालभडक लेप होतो. तो लावताक्षणी दिसतो आणि धुतला की जातो. दुसरा जेनिपापो. त्याच्या कच्च्या फळाचा रस लावताना जवळजवळ पाण्यासारखा असतो, हवा लागून काही तासांत निळसर काळा होतो आणि कातडीवर आठवडा, दीड आठवडा टिकतो. म्हणजे एक रंग आजपुरता, दुसरा पुढच्या कितीतरी दिवसांचा. कोण कुठला रंग कधी लावतो, यातच सण, दुखवटा, वयात येणं, प्रवास अशा गोष्टी सांगितलेल्या असतात.

कृष्णधवलमध्ये हे दोन्ही करडे होतात. शिवाय छायाचित्रकाराने तांबडा चॅनल वर नेला, तर शेंदरीचा लाल उजळतो आणि कातडीत मिसळून जातो. खाली नेला तर तो जेनिपापोइतका काळा दिसू लागतो. म्हणजे गालावर कुठला रंग आहे हे अंधाऱ्या खोलीतला किंवा संगणकावरचा एक निर्णय ठरवतो. झोए लोक अंगाला भरपूर शेंदरी लावतात. त्यांच्या फोटोंत जो मऊ, चमकदार करडा रंग दिसतो तो प्रत्यक्षात शेंदराच्या जवळ जाणारा आहे. हे ठाऊक असलं की ती पानं वेगळी दिसतात, पण ते आपल्याला बाहेरून शोधून आणावं लागतं.

पिसांचंही तेच. यावानावा लोकांचं पिसांचं काम जगभर नावाजलेलं आहे. गरुडाच्या पांढऱ्या पिसांचा मुकुट काळ्या-पांढऱ्यात झगझगतो, तो फोटो विसरता येत नाही. पण मकाव पोपटाच्या लाल, निळ्या, पिवळ्या पिसांचा मुकुट आला की पक्षी कुठला हेच हरवतं. पक्षी कुठला, हा तर त्या समाजाच्या माहितीचा गाभा: तो कुठल्या झाडावर उतरतो, कधी पिसं झडतात, जिवंत सोडून पिसं कशी गोळा करतात.

हा निर्णय सालगादोंनी विचार करूनच घेतला होता. त्यांचं सगळं मोठं काम काळ्या-पांढऱ्यातच आहे, कारण रंगामुळे नजर माणसावरून ढळते असं ते मानायचे. २००८ च्या सुमारास ते फिल्मवरून डिजिटलकडे आले. विमानतळांवरच्या एक्स-रे तपासण्यांनी फिल्म खराब होत होती, हे त्याचं एक मुख्य कारण. तरी निवड करताना ते छापील कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अनेक फोटो लहान करून छापलेल्या कागदावर, भिंग लावूनच बसत. या पुस्तकात शिंगू नदीच्या वरच्या भागातले २००५ चे आणि झोए लोकांचे २००९ चे जुने फोटोही आहेत. साल पाहून फोटोतल्या बारीक दाण्यांच्या पोताची तुलना करत गेलात, तर फिल्म आणि डिजिटल यांना एकसारखं दिसायला लावण्यावर किती मेहनत घेतली आहे ते लक्षात येतं.

वर्षावनात डिजिटलचा फायदा काय, ते हिशेबानेच पाहू. घनदाट जंगलाच्या जमिनीवर वरच्या उन्हाचा जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. म्हणजे साडेपाच ते साडेसहा स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). उघड्या उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनक्षमता) १०० आणि एफ/१६ (लेन्सचं भोक लहान) ला सेकंदाचा १/१०० चालतं. तिथेच झाडीखाली एफ/४ उघडूनही शटर १/१५ वर येतं. माणूस हलला की फोटो गेला. आयएसओ ३२०० वर तोच फोटो १/५०० ने मिळतो. पण उजेड वाढवला की दुसरी अडचण उभी राहते: पानांतून पडलेला उन्हाचा कवडसा पांढराफटक जळतो. चेहऱ्यावर असा एक ठिपका पडला तरी पोर्ट्रेट वाया. म्हणून सालगादो मोठं ताडपत्रीसारखं कापड सोबत नेत आणि ते मागे ताणून जंगलातच स्टुडिओ उभा करत. मागची पालवी झाकली जाते आणि माणूस सुटा दिसतो.

या कापडाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. कोरूबो पुरुष, यानोमामी आजी, मारुबो कुटुंब, सगळे एकाच साध्या पडद्यासमोर ताठ उभे राहतात, तेव्हा त्यांच्याकडे ‘जंगलातला प्राणी’ म्हणून बघण्याची सवय मोडते. हे मोठं काम आहे. पण त्याच कापडामागे ती झाडं झाकली जातात ज्यांबद्दल समोरच्या माणसाला शंभर गोष्टी ठाऊक आहेत.

ज्ञान बहुधा एका फोटोत मावत नाही, ही अडचणही खरी. उदाहरण आपल्या उपासाच्या ताटातलं घ्या. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदाचा होतो, तो कंद ॲमेझॉनच्या दक्षिण भागातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. त्याची कडू जात विषारी असते, कंदात सायनाइड तयार होतं. तो खाण्याजोगा करायच्या पायऱ्या अशा: सोलायचा, किसायचा, ओला कीस ‘तिपिती’ या विणलेल्या लांब नळीत भरायचा. नळीचं वरचं टोक आढ्याला अडकवायचं आणि खालच्या कडीत दांडा घालून त्यावर भार द्यायचा. नळी लांबते, तिचा घेर आवळतो आणि रस पिळून निघतो. रस भांड्यात ठेवला की तळाशी पांढरा स्टार्च बसतो. वरचं पाणी बराच वेळ उकळलं की विष उडून जातं आणि ‘तुकुपी’ नावाचा आंबट रस्सा उरतो. पिळलेला चोथा चाळून मोठ्या तव्यावर परततात. उकळणं कमी झालं किंवा कीस जाड राहिला, तर विष मागे राहतं. हे दाखवायला किमान आठ फोटो आणि खाली चार-चार ओळी लागतात. सालगादोंची पद्धत एकेका भारदस्त फोटोची आहे, पायऱ्यांची नाही. म्हणून हात काय करतात ते दिसतं, का करतात ते कळत नाही. (काजू आणि अननस हे आपले शब्दही तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यामार्गे आलेले आहेत. तिथल्या माहितीचं आपण किती खातो, याची एवढी खूण पुरे.)

दुसरा मुद्दा जास्त खोल जातो. माणसाचा हात न लागलेलं जंगल, अशी भावना ही हवाई दृश्यं मनात रुजवतात. वस्तुस्थिती तशी नाही. शिंगूच्या वरच्या भागातल्या कुइकुरो लोकांच्या प्रदेशात पुरातत्त्वज्ञ मायकेल हेकेनबर्गर यांनी तिथल्याच लोकांना सोबत घेऊन काम केलं. २००३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा जो लेख आला, त्याच्या लेखकांत दोन कुइकुरोही होते. रस्त्यांनी जोडलेल्या, खंदकांनी वेढलेल्या जुन्या वस्त्या त्यांनी तिथे दाखवल्या. अनेक ठिकाणी ‘तेरा प्रेता’ म्हणजे कोळसा, हाडं, खापऱ्या आणि राख मिसळून माणसांनी घडवलेली काळी सुपीक माती सापडते. बऱ्याच जागी ब्राझील-नटची झाडं दाट असण्यामागेही पिढ्यान्‌पिढ्यांची निगराणी आहे. म्हणजे यातला बराच भाग राखलेला, जोपासलेला आहे. आपल्या देवराया ज्यांना माहीत आहेत त्यांना हे लगेच पटेल. वरून बघताना ते दिसणं अवघडच, पण वाचणाऱ्याने ते मनात ठेवून पानं उलटावीत.

माणसांच्या बाबतीत मात्र पुस्तकाने नीट काळजी घेतली आहे. बहुतेक पोर्ट्रेटांखाली ‘एक आदिवासी’ असं मोघम लिहिलेलं नाही. माणसाचं नाव, समाज, प्रदेश आणि साल दिलेलं आहे. जुन्या मानववंशशास्त्रीय फोटोंशी तुलना केली की या साध्या गोष्टीचं मोल कळतं. ब्राझीलमध्ये आदिवासी भूमीत शिरायला फुनाई या सरकारी संस्थेची परवानगी लागते. नव्याने संपर्कात आलेल्या लोकांकडे जाताना बाहेरचा सर्दी-ताप तिथे पोचू नये म्हणून विलगीकरणही पाळावं लागतं. आणि २००६ च्या नियमानुसार फोटोंच्या वापरासाठी त्या समाजाची संमती हवी. सह्याद्रीत किंवा गडचिरोलीत असं काम करू पाहणाऱ्यांनी हा नियम स्वतःहून अंगीकारावा. औषधी वनस्पतीचं नाव, तिची जागा आणि ती काढायची रीत एकाच फोटोओळीत छापून टाकणं हे नुकसान आहे, भलेपणा नाही.

उघड्या अंगाच्या फोटोंबद्दल एक शब्द. त्या समाजांत त्यात काही वावगं नाही, आणि पुस्तकातली नजर सभ्य आहे. पण दिवाणखान्यातल्या टेबलावर, हजारो मैलांवर, ती माणसं समोर नसताना तेच फोटो वेगळ्या अर्थाने पाहिले जातात. वर्गात दाखवणार असाल तर आधी बोला, मग पान उघडा.

तुलनेसाठी छायाचित्रकार क्लाउडिया आंदुखार यांचं काम शेजारी ठेवायलाच हवं. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, वडिलांकडचं ज्यू कुटुंब नाझींच्या छळछावण्यांत गमावलेल्या आंदुखार १९५५ मध्ये ब्राझीलला आल्या आणि १९७१ पासून यानोमामी लोकांसोबत राहिल्या. त्यांनी लेन्सच्या कडांना व्हॅसलीन लावलं, इन्फ्रारेड फिल्म वापरली, शटर संथ ठेवून वरून फ्लॅश मारला. शामनला (आत्म्यांशी बोलणाऱ्या वैद्याला) जे दिसतं त्याच्या जवळ फोटो जावा यासाठी हा खटाटोप होता. इन्फ्रारेडमध्ये पानं पेटल्यासारखी दिसतात, कारण हरितद्रव्य असलेली पानं तो उजेड जोरात परत फेकतात. पुढे कागद आणि रंग देऊन त्यांनी यानोमामींनाच चित्रं काढायला सांगितली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लसीकरणाच्या नोंदीसाठी गळ्यात नंबराची पाटी घातलेली माणसं त्यांनी टिपली, कारण यानोमामींमध्ये नाव असं उघड घेत नाहीत. १९७८ पासून त्या भूमीसाठी झगडणाऱ्या मोहिमेत त्या पुढे होत्या, आणि १९९२ मध्ये सुमारे ९६ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशाला सरकारी मान्यता मिळाली. सालगादोंचा फोटो भव्यतेने थांबवतो. आंदुखार यांचा फोटो आपल्याला त्या माणसाच्या डोक्यात घेऊन जातो. एकच पुस्तक घ्यायचं असेल आणि विषय ‘ज्ञान’ असेल, तर आंदुखार घ्या. जंगलाचा आवाका समजून घ्यायचा असेल, तर सालगादो.

जळणारं जंगल, सोन्याच्या खाणींचे गढूळ खड्डे, पाऱ्याने नासलेल्या नद्या या पुस्तकात शोधू नका. जे अजून उभं आहे ते दाखवायचं, हा सालगादोंचा ठाम निर्णय होता. पन्नास वर्षांनी हे पुस्तक हरवलेल्या जगाची नोंद ठरू नये, अशी इच्छा त्यांनी पुस्तकातच लिहून ठेवली आहे. निर्णय पटतो, तरी शेजारी दोन गोष्टी ठेवून वाचा. ब्राझीलच्या मॅपबायोमास उपक्रमाच्या नोंदीनुसार १९९० ते २०२० या काळात आदिवासी भूमींतलं सुमारे एक टक्का नैसर्गिक आच्छादन गेलं, खासगी जमिनींवरचं मात्र वीस टक्क्यांहून जास्त. आणि जानेवारी २०२३ मध्ये यानोमामी प्रदेशात सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

घेताना आणि सांभाळताना काय पाहावं? पुस्तक आयात असल्याने किंमत डॉलरबरोबर वर-खाली होते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. पार्सल आलं की पेटी उघडतानाच कोपरे पाहा. चार किलोंचं पुस्तक कोपऱ्यावर एकदा आपटलं की पुठ्ठा चेपतो आणि आतल्या पानांनाही मुरड पडते. मग पाठीची शिवण बघा, पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यापासून सुटलेला नको. फळीवर उभं ठेवू नका. पानांचा गठ्ठा स्वतःच्या भाराने खाली ओघळतो आणि मणका फाटतो. आडवंच ठेवा आणि त्यावर दुसरं जड काही ठेवू नका.

मुंबई, कोकण, गोवा इथे खरा शत्रू जून ते सप्टेंबरची दमट हवा. गुळगुळीत लेप असलेला कागद ओलावा धरला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाईचा थर उखडतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहील असं बंद कपाट आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की त्या वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. पानं उलटताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि वरचा बाहेरचा कोपरा धरा. सुती हातमोज्यांनी पकड सुटते आणि पान दुमडतं.

एकट्याने घेण्यापेक्षा कला महाविद्यालयाने किंवा तालुक्याच्या वाचनालयाने एक प्रत घेतली तर तिचा उपयोग जास्त होईल. मात्र काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, आणि उघडं ठेवलं तर महिनोन्‌महिने एकच पान उघडं ठेवू नका. घडीवर ताण येतो आणि त्या पानाचा कागद उजेडाने पिवळा पडतो. दर आठवड्याला पान बदला. शेजारी ब्राझीलचा नकाशा लावा आणि ज्या समाजाचं पान उघडं असेल, त्याची माहिती ब्राझीलच्या इन्स्तितुतो सोसियोआंबिएन्ताल या संस्थेच्या मोफत संकेतस्थळावरून काढून एका कागदावर मराठीत लिहून ठेवा. आणि जमलं तर वाटीभर शेंदरीच्या बियाही ठेवा, म्हणजे त्या करड्या गालांवरचा लाल केवढा होता ते बघणाऱ्याला बोटाने चोळून पाहता येईल.